स्पोर्ट्‌स मोटारगाडी, घरी बांधलेली : एंजिन व दंतचक्रपेटीची निवड

कारखान्यात तयार झालेली मोटारगाडी विकत न घेता, एक किंवा अधिक जुन्या गाड्यांचे भाग वापरून हौशी व्यक्तीने स्वतःच्या आराखड्यानुसार बांधलेली हलकी, बहुधा दोन आसनांची व उघडी गाडी. अशा गाडीचा सांगाडा आणि बाह्यांग बांधणाऱ्यास स्वतः घडविता येते. परंतु एंजिन व दंतचक्रपेटी, म्हणजे गॅरेजच्या बोलीतील गिअरबॉक्स, घरी तयार करणे व्यवहार्य नसते. हे भाग तयारच घ्यावे लागतात आणि गाडीचे वजन, समतोल, वेग, खर्च, दुरुस्ती व सुरक्षितता या सर्व गोष्टी त्यांच्या निवडीवर ठरतात. एंजिन आधी निवडावे आणि मग त्यास जुळेल ती दंतचक्रपेटी शोधावी, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात एंजिन, क्लच, दंतचक्रपेटी आणि मागील आसावरील डिफरन्शियल ही एकच साखळी असून तिची निवड एकत्रितपणेच करावी लागते. अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालविण्यास कायद्याने कडक मर्यादा घातल्या आहेत. त्यांचा विचार शेवटी केला असला, तरी त्या पहिला पैसा खर्च करण्यापूर्वीच ध्यानात घेणे आवश्यक आहे.

ऐतिहासिक आढावा : जुन्या लहान गाडीचे भाग घेऊन हलकी गाडी बांधण्याची परंपरा दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटनमध्ये रुजली. कॉलिन चॅपमन यांनी १९४८ मध्ये ऑस्टिन सेव्हन या जुन्या गाडीपासून आपली पहिली गाडी तयार केली. त्यांच्या कंपनीची १९५७ मधील लोटस सेव्हन ही गाडी सुट्या भागांच्या संचरूपातही विकली जाई. तिच्या प्रारंभीच्या नमुन्यात फोर्डच्या साध्या गाडीतील १,१७२ घ. सेंमी. घनफळाचे एंजिन होते. मोठ्या शक्तीपेक्षा कमी वजनावर भर देण्याचे तत्त्व या गाडीमुळे सर्वमान्य झाले.

भारतात स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवरील निर्बंधांमुळे हौशी बांधकाम करणाऱ्यांसमोर मोजकेच पर्याय होते. मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनविलेली फियाट ११००, कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथील अँबॅसडर आणि मद्रासमध्ये तयार होणारी स्टँडर्ड हेरल्ड या तीन गाड्यांचे भाग प्रामुख्याने मिळत. मद्रासजवळील शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतींत अशा भागांपासून बांधलेल्या गाड्या उतरत असत. महाराष्ट्रात इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या कल्पनेने ‘मीरा’ ही छोटी मोटार घडविली. तिचा पहिला नमुना १९४९ मधील असून पुढील दोन दशकांत त्यांनी तिचे सुधारित नमुने तयार केले. ही गाडी स्पोर्ट्‌स प्रकारची नव्हती. परंतु स्वतंत्र बुद्धीच्या कारागिरास गाडी बांधणे साधले, तरी तिचे उत्पादन उभे करणे किती अवघड असते, हे तिच्या उदाहरणावरून दिसून येते.

अलीकडच्या काळात लहान उद्योगांनीही तयार एंजिनाचाच आधार घेतला. अलिबागजवळ बांधली गेलेली चिंकारा रोडस्टर ही लोटस सेव्हनच्या धर्तीची गाडी असून तिच्यात अँबॅसडर व कॉन्टेसा या गाड्यांतील इसुझू पद्धतीचे १,८१७ घ. सेंमी.चे एंजिन मागील चाके फिरविते. सॅन स्टॉर्म या दोन आसनी गाडीत रेनॉ कंपनीचे १,१४९ घ. सेंमी.चे एंजिन पुढे आडवे बसविलेले असून ते पुढील चाके फिरविते. दोन्ही गाड्यांची मांडणी परस्परविरुद्ध असली, तरी दोन्हींमध्ये मोठ्या प्रमाणावर तयार होणारे एंजिन निवडले गेले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

मुंबईतील अनुकूलता : दक्षिण व मध्य मुंबईत या छंदास पोषक अशी साधने दीर्घकाळ एकवटलेली होती. गिरगावलगतचा ऑपेरा हाऊस व लॅमिंग्टन रस्त्याचा (आता डॉ. भडकमकर मार्ग) परिसर मोटारींच्या सुट्या भागांच्या व्यापारासाठी, तर चोरबाजार आणि कुर्ला हे भाग जुन्या व मोडीतील भागांसाठी प्रसिद्ध आहेत. परळ–लालबागच्या कापड गिरण्यांतील यंत्रशाळांत जोडारी, कातारी व सांधारी अशा कुशल कामगारांच्या पिढ्या घडल्या. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरणी उद्योग ओसरला, तरी लेथ, मिलिंग व वेल्डिंगचे सुटे काम करून देणारी लहान कर्मशाळांची परंपरा शहरात टिकून राहिली. माटुंगा येथील वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेसारख्या (स्थापना १८८७) अभियांत्रिकी शिक्षणसंस्थांतून विद्यार्थ्यांच्या शर्यती-गाड्यांच्या स्पर्धांमुळे हे ज्ञान नव्या स्वरूपात पुढे चालले आहे.

शहरात जी गाडी टॅक्सी म्हणून सर्वत्र धावते, तिच्या एंजिनाचे भाग व त्याची नस ओळखणारे कारागीर दर गल्लीत मिळतात. या कारणाने फियाट ११०० व तिचेच पुढील रूप असलेली प्रीमियर पद्मिनी ही मुंबईतील हौशी बांधकामाची स्वाभाविक जननी ठरली. तिचे उत्पादन या शतकाच्या प्रारंभी थांबले. ताडदेव येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. त्यामुळे जे एंजिन एकेकाळी सर्वांत सोयीचे होते, त्याचे भाग आता दुर्मिळ होत आहेत. एंजिनाची निवड ही त्या त्या काळातील बाजारपेठेशी व कारागिरीशी निगडित असते, याचे हे ठळक उदाहरण होय.

शक्ती व वजन : गाडीचा सर्वोच्च वेग मुख्यतः हवेच्या रोधावर अवलंबून असतो. हा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. चालक व इंधन धरून ७०० किग्रॅ. वजनाची, १.४ चौ. मी. समोरील क्षेत्रफळाची आणि ०.६ इतका रोध गुणांक असलेली उघडी गाडी गृहीत धरल्यास, यंत्रणेतील सु. १५% घट जमेस धरून, ताशी १०० किमी. वेगासाठी सु. २२, ताशी १४० किमी.साठी सु. ५४ आणि ताशी १६० किमी.साठी सु. ७८ अश्वशक्ती लागते. म्हणजे वेग ६०% वाढविण्यासाठी शक्ती सु. साडेतीन पट करावी लागते. उघड्या गाडीत अतिवेगाचा हव्यास किती महाग पडतो, हे यावरून स्पष्ट होते.

त्वरण, म्हणजे वेग वाढविण्याची क्षमता, मात्र शक्ती व वजन यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. सु. ९०० किग्रॅ. वजनाच्या पद्मिनीत ४० अश्वशक्तीचे एंजिन दर १,००० किग्रॅ.ला सु. ४४ अश्वशक्ती पुरविते. तेच एंजिन ५५० किग्रॅ.च्या गाडीत बसविल्यास हे प्रमाण ७३ वर जाते. एंजिनात काहीही बदल न करता मिळणारा हा लाभ असून, वळणे घेणे, ब्रेक लावणे व टायरची झीज या सर्वच बाबतींत कमी वजन हितकारक ठरते. मोठे एंजिन घेतल्यास याच्या उलट घडते. जड एंजिनासाठी सांगाडा, स्प्रिंगा, रेडिएटर व ब्रेक हे सर्व अधिक मजबूत करावे लागतात आणि वाढलेल्या शक्तीचा बराचसा भाग वाढलेल्या वजनातच खर्च होतो.

टायरची पकड ही आणखी एक मर्यादा आहे. एंजिनाचे परिबल (दंडास पिळून फिरविणारा जोर) १०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे प्रमाण ३.६ व आसावरील प्रमाण ४.३ असल्यास, घर्षणातील घट वजा जाता चाकाच्या कडेशी सु. ४,७०० न्यूटन प्रेरणा उपलब्ध होते. परंतु वर गृहीत धरलेल्या गाडीच्या मागील चाकांवर निम्मे वजन असेल, तर कोरड्या रस्त्यावर त्यांची पकड सु. ३,१०० न्यूटनांपलीकडे जात नाही. उरलेला जोर चाके जागच्या जागी घसरण्यातच जातो. पावसाळ्यात तर ही मर्यादा आणखी खाली येते.

दंतचक्रपेटी व गतिप्रमाणे : एंजिन ज्या फेऱ्यांच्या पट्ट्यात जोमाने चालते, त्या पट्ट्यातच त्यास राखण्याचे काम दंतचक्रपेटी करते. विशिष्ट गिअरमधील वेग काढण्यासाठी एंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांना त्या गिअरचे प्रमाण व आसावरील प्रमाण यांच्या गुणाकाराने भागून, येणाऱ्या संख्येस चाकाच्या परिघाने गुणावे. उदा., चाकाचा परीघ १.७५ मी., आसावरील प्रमाण ४.३ व चौथ्या गिअरचे प्रमाण १ असल्यास दर मिनिटास ५,००० फेऱ्यांना वेग ताशी सु. १२२ किमी. येतो. आसावरील प्रमाण ३.९ केल्यास तो सु. १३५ होतो आणि मूळ आसासह ०.८५ प्रमाणाचा पाचवा गिअर असल्यास सु. १४४ होतो. अर्थात हा आकडा केवळ गणिती असून तेवढा वेग गाठण्याइतकी शक्ती एंजिनात नसेल, तर पाचव्या गिअरचा उपयोग कमी फेऱ्यांत शांतपणे व कमी इंधनात प्रवास करण्यापुरताच होतो.

कुटुंबासाठी बनविलेल्या गाडीचा पहिला गिअर सर्व प्रवासी व सामान घेऊन घाट चढता यावा म्हणून फार खालचा ठेवलेला असतो. हलक्या गाडीत तो क्षणात संपतो आणि चालकास सतत गिअर बदलावे लागतात. तसेच लगतच्या दोन गिअरांत अंतर अधिक असल्यास वरचा गिअर टाकताच एंजिन मंदावते. तिसऱ्या गिअरचे प्रमाण १.५५ व चौथ्याचे १ असेल, तर ५,००० फेऱ्यांवरून एंजिन एकदम सु. ३,२०० वर येते. तिसऱ्याचे प्रमाण १.३५ असल्यास ते ३,७०० पर्यंतच उतरते. तथापि गिअर बदलून घेणे खर्चिक असते. त्यामानाने त्याच घराण्यातील दुसऱ्या वाहनाचे डिफरन्शियल बसविणे किंवा चाकाचा व्यास बदलणे हा सोपा उपाय होय. गिरगाव, दादर किंवा परळच्या गर्दीत गाडी ताशी सात-आठ किमी. वेगाने रेंगाळते, हे ध्यानात घेता पहिला गिअर फार वरचा ठेवल्यास क्लच सतत अर्धवट दाबून चालवावा लागतो व तो लवकर जळतो.

मांडणीचे प्रकार : (१) एंजिन पुढे उभे व चालन मागील चाकांना : यात एंजिन, दंतचक्रपेटी व लांब फिरता दंड एका रेषेत असतात. एंजिन पुढील आसाच्या मागे सरकविल्यास दोन्ही आसांवर वजन समसमान पडते. दुरुस्तीस सोपी व समजण्यास सुलभ असल्याने नवशिक्यांसाठी ही मांडणी सर्वांत योग्य समजली जाते. (२) एंजिन चालकाच्या मागे : पुढील चाके फिरविणाऱ्या गाडीतील एंजिन, दंतचक्रपेटी व डिफरन्शियल हा आडवा संच जसाच्या तसा मागे नेता येतो. संच उलटा न फिरविता केवळ मागे सरकविल्यास चाकांच्या फिरण्याची दिशा कायम राहते. मात्र तो उलट दिशेस तोंड करून बसविल्यास, अन्य बदल न केल्यास, गाडीस पुढे जाण्याचा एकच व मागे जाण्याचे अनेक गिअर लाभतात. मूळ सुकाणूचे सांधे घट्ट जखडणे व गिअर बदलण्याची लांब केबल बसविणे यांत विशेष काळजी घ्यावी लागते. मारुती ८०० चे एंजिन मागे बसविलेल्या एक आसनी गाड्यांच्या शर्यती भारतात दीर्घकाळ होत असत. (३) मोटारसायकलचे एंजिन : हे हलके असून त्यातच पाच-सहा गिअरांची पेटी अंतर्भूत असते. परंतु मागे जाण्याचा गिअर सहसा नसतो व चारचाकीस तो नियमानुसार आवश्यक आहे. त्याचा क्लच फार कमी वजनासाठी योजलेला असतो. मोटारसायकल वळणावर कलते, गाडी कलत नाही. त्यामुळे वळणावर तेल टाकीच्या एका बाजूस जाऊन धारव्यांना वंगण न मिळण्याचा धोका संभवतो. विद्यार्थ्यांच्या ‘फॉर्म्युला’ स्पर्धांत ७१० घ. सेंमी. पर्यंतचे एंजिन वापरता येते आणि पेट्रोल एंजिनाची सर्व हवा २० मिमी. व्यासाच्या चिंचोळीतून घ्यावी लागते. या अटींमुळे तेथे मोटारसायकलचे एंजिन सोयीचे ठरते. रोजच्या वापराच्या गाडीस तोच निकष लावता येत नाही.

उपलब्ध संच : भारतात मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेलेल्या काही एंजिनांची तुलना पुढील कोष्टकात दिली आहे.

| मूळ गाडी | सिलिंडर व्यास × धाव (मिमी.) | घनफळ (घ. सेंमी.) | शक्ती, सु. (अश्वशक्ती) | मूळ मांडणी |
|---|---|---|---|---|
| प्रीमियर पद्मिनी | ६८ × ७५ | १,०८९ | ४० | उभे. मागील चाके |
| प्रीमियर ११८ एनई (निसान ए१२) | ७३ × ७० | १,१७१ | ५० | उभे. मागील चाके |
| मारुती ओम्नी | ६८.५ × ७२ | ७९६ | ३५ | उभे, आसनाखाली. मागील चाके |
| मारुती जिप्सी (नंतरचे रूप) | ७४ × ७५.५ | १,२९८ | ८० | उभे. मागील वा चारही चाके |
| अँबॅसडर व कॉन्टेसा (इसुझू) | ८४ × ८२ | १,८१७ | ७५ ते ८५ | उभे. मागील चाके |

पद्मिनीचा संच साधा व टिकाऊ आहे. परंतु त्याची धाव व्यासाहून लांब असल्याने तो अधिक फेऱ्यांस अनुकूल नाही. निसान एंजिनाची धाव व्यासाहून आखूड असल्याने ते अधिक मोकळेपणाने फिरते. ओम्नीचा संच लहान व हलका असल्याने ५०० किग्रॅ.च्या आतील गाडीस पुरेसा होतो. इसुझू एंजिनाचे परिबल चांगले असले, तरी त्याचे वजन पुढील चाकांवर भार टाकते. जिप्सीचे सोळा झडपांचे ॲल्युमिनियमचे एंजिन व पाच गिअरांची पेटी हा संच शक्ती व वजन यांचा सर्वांत चांगला मेळ घालतो. त्यातील ट्रान्सफर केस ही दंतचक्रपेटीपासून अलग असल्याने वगळता येते. मात्र रस्त्यावरील नेहमीच्या स्थितीतही तिच्यात काही गती-घट होत असल्याने, ती वगळल्यावर सर्व गिअर आपोआप वरचे होतात व आसावरील प्रमाणाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

भिन्न संचांची जोडणी : एका गाडीचे एंजिन दुसऱ्या गाडीच्या दंतचक्रपेटीस जोडण्यासाठी दोहोंमध्ये धातूची जाड तबकडी बसवितात. कोणत्याही चांगल्या कर्मशाळेत ती कापून मिळत असली, तरी तिची अचूकता निर्णायक असते. एंजिनाचा भुजादंड व दंतचक्रपेटीचा आगम दंड यांचे मध्य साधारणतः ०.१ मिमी.च्या मर्यादेत एका रेषेत असावे लागतात. ते केवळ बोल्टांवर न सोडता मार्गदर्शक खुंट्यांनी निश्चित करतात. हा दोष राहिल्यास क्लच कापतो, गिअर आपोआप निसटतो व काही महिन्यांतच धारवे खराब होतात. फ्लायव्हीलचे बिडाचे चक्र लेथवर वाजवीपेक्षा अधिक पातळ केल्यास वेगात फुटून चालकाच्या पायांस गंभीर इजा होऊ शकते. एकाच गाडीतील मूळ जोडी कायम ठेवणे श्रेयस्कर का, याचे उत्तर या अडचणींत आहे.

हवामान व इंधन : मुंबईच्या उष्ण, दमट हवेत व संथ रहदारीत रेडिएटरमधून वाहणारी हवा अपुरी पडते. सबब विजेवर चालणारा पंखा व मूळ गाडीच्या तोडीचा रेडिएटर आवश्यक असतो. स्पोर्ट्‌स गाडी जमिनीलगत असल्याने तिचे हवा घेण्याचे तोंडही खाली येते. दादर–परळमधील हिंदमातासारख्या सखल भागात पाणी तुंबले असता ते सिलिंडरात शिरू शकते. पाणी दाबले जात नसल्याने संयोगदांडा वाकतो वा तुटतो. हे तोंड शक्य तितके उंच ठेवावे. २०२५ पर्यंत देशभर रूढ झालेल्या २०% एथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या कार्ब्युरेटरमधील व नळ्यांमधील रबर खराब होऊ शकते; ते नव्या इंधनास टिकणाऱ्या प्रकारचे घालावे लागते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेले एंजिन घेताना नियंत्रक पेटी, तारांचा संपूर्ण जुडगा, संवेदक व किल्ली हे सर्व एकाच गाडीचे घ्यावे. एरवी चांगले एंजिनही सुरू होत नाही.

जुन्या संचाची परीक्षा : शक्यतो एंजिन गाडीत चालू असतानाच पाहावे. सर्व सिलिंडरांतील संपीडनाचा दाब मोजावा; दाब कमी असण्यापेक्षा सिलिंडरांतील मोठी तफावत अधिक चिंताजनक असते. निळसर धूर तेल जळत असल्याचे, तर दुधाळ तेल त्यात पाणी मिसळल्याचे लक्षण होय. दंतचक्रपेटी भार देऊन व भार काढून तपासावी. भार काढताच गिअर निसटत असल्यास आतील भाग झिजलेले असतात. विक्रेत्याकडून पावती व मूळ वाहनाची कागदपत्रे घेऊन एंजिन क्रमांक पडताळणे अनिवार्य मानावे.

वाढीव वेगास ब्रेकही तसेच लागतात. वेग ताशी १०० वरून १४० किमी.वर गेल्यास गाडीची गतिज ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. म्हणून एंजिन ज्या गाडीचे, निदान तिच्याच क्षमतेचे ब्रेक असावेत.

कायदेशीर बाजू : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी न झालेले वाहन सार्वजनिक जागी चालविता येत नाही. कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनात निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत असे फेरफार करण्यास मनाई असून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात तिचा कडक अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १८२-अ नुसार मालकाने केलेल्या अनधिकृत फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड वा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नव्या नमुन्याच्या वाहनास केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया यांसारख्या मान्य संस्थेकडून चाचणी करून घ्यावी लागते. ही पद्धती उत्पादकांसाठी योजलेली असल्याने एकट्या हौशी व्यक्तीस तिचा खर्च सहसा परवडत नाही. ब्रिटनमध्ये मात्र घरी बांधलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला नोंदणी देण्याची सोय आहे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी दुचाकीचे एंजिन व मोडीतील भाग वापरून बांधलेली छोटी जीप २०२१ मध्ये सर्वत्र गाजली. तथापि ती रस्त्यासाठीच्या नियमांत बसणारी नव्हती आणि अखेर २०२२ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिच्या बदल्यात त्यांना नवी गाडी दिली.

यामुळे घरी बांधलेली गाडी बंदिस्त धावमार्गावर, खाजगी आवारात किंवा प्रदर्शनात वापरणे आणि तेथपर्यंत ती दुसऱ्या वाहनावर लादून नेणे, हाच बहुतेकांसाठी निर्वेध मार्ग उरतो. गाडी कोठे चालवावयाची हे प्रथम, तिचे वजन किती ठेवावयाचे हे त्यानंतर आणि त्यास साजेसा, मूळ जोडीतील व शहरात दुरुस्त होऊ शकेल असा एंजिन-दंतचक्रपेटीचा संच शेवटी, या क्रमाने निर्णय घेतल्यास गाडी पुरी होण्याची व सुरक्षित राहण्याची शक्यता सर्वाधिक असते. अश्वशक्तीच्या आकड्यापासून सुरुवात केल्यास सांगाडा, ब्रेक व खर्च यांचा हिशेब पुढे प्रत्येक टप्प्यावर बदलावा लागतो.